पडणाऱ्या गाडीचं चिलखत

ड्युअल-स्पोर्ट गाडी घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी मान्य करून टाकावं की ही गाडी पडणार. शहरातली शंभर-सव्वाशे सीसीची गाडी आठ-दहा वर्षांत एकदाही आडवी न होता विकली जाऊ शकते. पण २१ इंची पुढचं चाक, लांब सस्पेन्शन आणि २२ सेंटिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स असलेली गाडी माणूस घेतो तीच मुळी दगडगोट्यांत, चिखलात आणि ओढ्यात घालायला. तिथे ती आडवी होतेच. बहुतेकदा उभ्याउभ्या किंवा चालण्याच्या वेगाने. चढावर इंजिन बंद पडतं, पाय टेकायला जावा तर जमीन एक वीत खाली निघते, आणि मग सामानासकट गाडी कलली की ती हाताने थोपवता येत नाही.

अशा गाडीला काय काय बसवावं, यावर कोल्हापुरातले एक मामा आणि त्यांची भाची यांचं बरेच दिवस जुंपलेलं आहे. मामांचं उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं शेड आहे. पाइप बेंडिंग, आर्गॉन वेल्डिंग, थोडं लेथचं काम. राजदूत आणि बुलेट रस्त्यावर होत्या तेव्हापासून ते लेगगार्ड बनवतात. भाची ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि हीरोची एक्सपल्स २०० फोर-व्ही चालवते. सुट्टीत गगनबावडा नाहीतर भुदरगडच्या बाजूचे कच्चे रस्ते, आणि आता सप्टेंबरात मनालीहून ग्राम्फू, बातल, कुंझुम ओलांडून स्पितीत उतरायचं ठरलेलं. मी दोघांच्याही ओळखीचा, आणि या विषयात मलाही गोडी. त्यामुळे वाद रंगला की मी तिथे असतो.

"मला आधी सांग," मामा म्हणाले, "ह्या गाडीत सगळ्यात महाग काय आन् सगळ्यात कच्चं काय?"

"दोन्ही प्रश्नांचं उत्तर इंजिनच."

"व्हय. ॲल्युमिनियमचं कास्टिंग. पत्र्याला पोचा पडला तर ठोकून सरळ करता येतो. कास्टिंग तसं न्हाई, ते तडकतंय. क्लच कव्हरला बोटाएवढं भोक पडलं की ऑइल गेलं, आन् तसंच पुढं रेटलं की इंजिन जाम. चांगल्या तगड्या गाड्या टेंपोतनं ह्या दारात उतरवलेल्या बघितल्यात मी. इथं मी वेल्डिंग तरी करून देतो. तिथं बातलला कोण बसलंय?"

"म्हणून तुम्ही काय काय लावायचं म्हणताय?"

मामांनी हिशेब आधीच करून ठेवला होता. टाकीपर्यंत येणारा लेगगार्ड, २५ मिलिमीटरच्या एमएस पाइपचा. खाली तीन मिलिमीटरची लोखंडी प्लेट. हँडलला लोखंडी पट्टीचे गार्ड. मागे कॅरिअर, त्याच पाइपातून सायलेन्सरला वळसा. हेडलाइटला जाळी. "एकदा लावलं की विषय संपला. गाडी कुठंबी पडू दे."

भाचीने वजनांची बेरीज केली. ती पंधरा किलोंच्या पुढे गेली.

"गाडी दीडशे किलोंच्या थोडी वर आहे," ती म्हणाली. "कुंझुमची उंची साडेचार हजार मीटर. तिथली हवा समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहूनही विरळ. माझ्या एकोणीस हॉर्सपॉवरची तिथे बाराच्या आसपास राहणार. त्या बारात मला, सामानाला आणि तुमच्या लोखंडाला चढवायचंय."

"पंधरा किलो म्हंजे काय गं? पाण्याचा जार वीस लिटरचा असतो. उचलतीस की रोज."

"उचलते. घरात, सपाट फरशीवर, एकदा. गाडी नाल्यात पाचव्यांदा पडते तेव्हा श्वास लागलेला असतो, बुटात पाणी असतं, पायाखालचे गोटे सरकत असतात. तेव्हा ते पंधरा किलो कळतात. आणि मामा, पाचव्यांदा का पडते? चार वेळा उचलून दमलेली असते मी, म्हणून."

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि गार्ड विकणारा कोणीही तो सांगत नाही. कच्च्या रस्त्यावर पडण्याचं मोठं कारण थकवा हेच असतं. सकाळी सहज निघालेला तोच रस्ता संध्याकाळी पाडतो. गाडीला चढवलेलं प्रत्येक किलो त्या संध्याकाळला थोडं अलीकडे ओढतं. पडल्यावर वाचवणारी वस्तू पडण्याच्या वेळा वाढवत असेल, तर तिचा जमाखर्च दोन्ही बाजूंनी मांडायला हवा. त्यातही वजन कुठे आहे याला किंमत आहे. इंजिनखालची दोन किलोंची प्लेट गाडीला जाणवतही नाही. तेच दोन किलो टाकीच्या उंचीला, दोन्ही अंगांना बाहेर काढून बसवले, तर गाडी कलायला लागली की जास्त जोराने कलते.

मामांना हे पटलं नाही असं नाही, पण त्यांच्याकडे दुसरं उत्तर होतं. "वजन वजन करतीस, आन् पाय? लेगगार्ड गाडीसाठी न्हवं, तुझ्या पायासाठी हाय. नावातच हाय की."

इथे भाचीने हर्ट रिपोर्ट काढला. १९८१ साली अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी आपल्या सहकाऱ्यांसह मोटारसायकल अपघातांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. लॉस एंजेलिसच्या परिसरातले ९०० अपघात त्यांनी जागेवर जाऊन तपासले होते, शिवाय पोलिसांचे ३,६०० अहवाल वाचले होते. हेल्मेटबद्दलचे त्यातले निष्कर्ष जगभर गाजले. लेगगार्डबद्दलचा निष्कर्ष तितका गाजला नाही, पण तो स्पष्ट आहे: गार्डमुळे घोट्याच्या आणि पावलाच्या जखमा कमी होतात, मांडीच्या, गुडघ्याच्या आणि नडगीच्या तितक्याच वाढतात, म्हणून इजा टाळण्याचा उपाय म्हणून त्याचा उपयोग नाही.

"म्हणजे पाय वाचत नाही," ती म्हणाली. "मार फक्त वर सरकतो."

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मला वाटलं वाद इथेच मिटला. पण चाळीस वर्षं मोडक्या गाड्या बघणाऱ्या माणसाने नेमकं बोट ठेवलं.

"ते अपघात कशाचे? मोटारगाडीनं ठोकलेले का?"

"बरेचसे."

"मग ते रस्त्यावरचं झालं. तू तर दगडात उभ्याउभ्या पडणार. गाडी हळूच कलली, पाय खाली सापडला. तवा गार्ड गाडीला जमिनीपासनं वर धरतो, आन् मधल्या फटीतनं पाय निघतो. माझ्याकडं येणारी पोरं हेच सांगत्यात. त्या साहेबानं हे बघितलं का?"

हा आक्षेप रास्त आहे, आणि भाचीनेही तो रास्त मानला. शेडमधल्या पाटीवरच तिने खडूने गणित मांडलं. सामानासकट गाडी २०० किलो धरा. उभी गाडी आडवी होते तेव्हा तिचा गुरुत्वमध्य साधारण तीस सेंटिमीटर खाली येतो. म्हणजे जमिनीला मिळणारी ऊर्जा सुमारे ६०० जूल. तीच गाडी ताशी ४० किलोमीटरने जात असेल तर तिच्यात १२,००० जूलहून जास्त ऊर्जा असते. वीसपट. त्यातली पुष्कळशी घसरण्यात मुरते हे खरं, पण गार्ड एखाद्या दगडात अडकला तर मुरायला वेळच मिळत नाही.

"६०० जूल तुमचा पाइप आरामात पचवेल," ती म्हणाली. "बारा हजार पचवायला गेला तर तो स्वतः मोडणार नाही, ज्याला बांधलाय त्याला मोडणार. म्हणून मला उभ्याउभ्या पडण्यापुरता गार्ड हवाय. त्यापलीकडचा नको."

मामांनी मान हलवली आणि उठून शेडच्या मागच्या भिंतीवरून एक गार्ड काढून आणला. कुणा गिऱ्हाइकाने बाहेरून कुठून तरी आणून बसवलेला, पडल्यावर इथे टाकून दिलेला. पाइप जाड, काळं पावडर कोटिंग अजून चकचकीत, कुठेही वाकलेला नाही. खालच्या टोकाला मात्र बोल्टमध्ये एक लोखंडी तुकडा अडकून राहिला होता, बोटाच्या पेराएवढा, एका कडेने फाटलेला. तो गाडीच्या चेसीचा कान होता. गार्ड शाबूत, आणि चेसीचा कान त्याच्याबरोबर उपटून आलेला.

"हे मी लावलेलं न्हाई," मामा म्हणाले. "ह्याची तीन पापं बघ. पाइप जाड आन् कान पातळ, हे पहिलं. इंजिनच्या मूळ बोल्टच्या जागी लांब बोल्ट घालून मधी एवढा मोठा स्पेसर टाकलाय, म्हंजे बोल्टला पहार लावल्यागत झालं, हे दुसरं. आन् डावा गार्ड उजव्याला कुठं जोडलेलाच न्हाई. सगळा मार एका बाजूनं एकटीनं खाल्ला. मी असतो तर खालनं आडवी दांडी दिली असती, दोन्ही बाजूंनी भार वाटून घेतला असता."

कंपनीचे गार्ड असोत की गल्लीत बनवलेले, विकत घेणाऱ्याने पाइपची जाडी बघण्याआधी हे तीन प्रश्न विचारावेत. कुठे बांधलाय, बोल्ट किती लांब बाहेर आलाय, आणि दोन बाजू एकमेकींना जोडल्या आहेत का. दुकानात टांगलेल्या गार्डकडे बघून यातलं काही कळत नाही. तो गाडीवर चढवून, खाली वाकून बघावं लागतं.

मग मामांनी जी गोष्ट केली ती प्रत्येकाने नवीन गाडीला एकदा करावी असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. त्यांनी जमिनीवर गोणपाटं अंथरली, दोन पोरांना हाताशी घेतलं आणि गाडी हळूच उजव्या अंगावर निजवली. मग खडू घेऊन जिथे जिथे गाडी जमिनीला टेकली तिथे खूण केली. हँडलचं टोक. फूटरेस्ट. एवढंच. क्लच कव्हर जमिनीपासून दोन-तीन बोटं वर राहिलं.

"बघा," भाची म्हणाली. "सपाटीवर तिला गार्ड लागतच नाही."

मामांनी कोपऱ्यातली एक वीट आणली, दोन पोरांना गाडी उचलायला लावली आणि वीट नेमकी क्लच कव्हरच्या खाली ठेवून गाडी पुन्हा निजवली. या वेळी कव्हर विटेवर टेकलं. मग त्यांनी ब्रेकचं पेडल अंगठ्याने आत दाबून दाखवलं. पेडलचा मागचा भाग कव्हराच्या रोखाने सरकला. "दगड कवा कवा कव्हराला लागतच न्हाई. पेडलला लागतो, आन् पेडल आत जाऊन कव्हर फोडतंय. आपलंच पेडल आपल्याच इंजिनला मारतंय. डाव्या बाजूला गिअर लिव्हर मॅग्नेटच्या कव्हरवर हेच करतो."

भाचीने वीट काढायला सांगितली नाही. ती खाली बसली आणि कव्हर आणि पेडल यांच्यातलं अंतर बोटांनी मोजत राहिली. या घडीला वादाचं पारडं मामांकडे झुकलं हे मी नोंदवून ठेवतो. हलकेपणाचा पक्ष कितीही खरा असला, तरी इंजिनच्या दोन कव्हरांना उघडं ठेवण्याइतका तो ताणता येत नाही. वाकलेलं हँडल घेऊन माणूस मुक्कामाला पोहोचतो. फुटलेल्या कव्हराने पोहोचत नाही. केसिंगला बारीक चीर गेली तर एम-सील लावून निभावतं, तेही आधी जागा पेट्रोलने स्वच्छ पुसून, सुकायला वेळ देऊन. तुकडाच उडाला तर एम-सीलही हात टेकतं.

खालच्या प्लेटबद्दल दोघांत भांडण नव्हतं, तपशिलात होतं. एक्सपल्सला कंपनीची ॲल्युमिनियमची प्लेट येते. भाचीला तिच्या जागी जरा जाड, चार मिलिमीटरची, ५०५२ ग्रेडच्या ॲल्युमिनियमची हवी होती, कारण ते वाकतं पण सहसा तडकत नाही, आणि दगडावरून घसरून जातं. मामांना लोखंड हवं होतं, कारण वाकलं तर घणाने सरळ करता येतं. शेवटी ॲल्युमिनियम ठरलं, पण मामांच्या अटींवर. प्लेट इंजिनला बांधायची नाही, चेसीला बांधायची, म्हणजे दगडाचा हिसका इंजिनला जाणार नाही. बोल्टची डोकी प्लेटच्या वर येता कामा नयेत, काउंटरसंक करून आत बसवायची, नाहीतर पहिलाच दगड डोकी खरवडून नेतो आणि मग ऑइल बदलायला प्लेट निघत नाही. ड्रेन बोल्टखाली भोक. आणि मागचं तोंड उघडं, चिखल पडून जायला. प्लेटच्या आत चिखल थापला गेला आणि सुकला की इंजिनच्या पोटाला हवा लागत नाही. भुदरगडच्या लाल मातीत हे एका पावसाळ्यात कळतं.

हँडल गार्डवर मात्र पुन्हा जुंपली. मामांचा आग्रह बंद गार्डचा, म्हणजे हँडलच्या टोकापासून मधोमधपर्यंत धातूची पट्टी. भाचीला उघडा प्लॅस्टिकचा पुरे होता.

"बंद गार्डात मनगट अडकतं. गाडी फेकते तेव्हा हात मोकळा निघायला हवा."

"आन् लिव्हर? क्लचचा लिव्हर मोडला तर कुंझुमवरनं खाली कशी येशील?"

"लिव्हर मोडू देते. पण कुठे मोडायचा ते मी ठरवते." तिने क्लच लिव्हर दाखवला. टोकाच्या गोळीपासून दोन बोटांवर तिने हॅकसॉने अर्धवट खाच पाडली होती. कित्येक कंपन्या लिव्हरला अशी खाच मुळातच ठेवतात. पडल्यावर टोक खाचेत तुटतं आणि उरलेल्या लिव्हरवर दोन बोटं आरामात बसतात. शिवाय लिव्हरच्या क्लॅम्पखाली तिने नळाला गुंडाळायची टेफ्लॉन टेप गुंडाळली होती आणि बोल्ट थोडा सैल ठेवला होता. मार बसला की लिव्हर हँडलवर गोल फिरतो, मोडत नाही. हाताने परत जागेवर आणायचा. जोडीला एक जादा क्लच लिव्हर, गाडीच्याच बाजूला टेपने चिकटवलेला.

मामांनी क्लॅम्प दोनदा फिरवून बघितला. "हे बरं हाय," एवढंच म्हणाले. पण बंद गार्डचा हट्ट त्यांनी सोडला नाही, आणि खरं सांगायचं तर दाट झाडीत तो हट्ट योग्य आहे. करवंदीच्या जाळीतून जाताना फांदी क्लचच्या आत शिरून लिव्हर ओढते, तेव्हा पट्टीवाला गार्डच उपयोगी. स्पितीत झाडी नाही. तिथे उघडा चालेल. एकाच गाडीला दोन मुलखांत दोन उत्तरं आहेत, आणि गार्ड बदलायला पंधरा मिनिटं लागतात.

"मोठ्या रॅलीत काय लावत्यात?" मामांनी मध्येच विचारलं.

डकारच्या गाड्यांचं उदाहरण भाचीला तोंडपाठ होतं. ४५० सीसीच्या त्या गाड्यांना समोरून आणि खालून इंजिन झाकणारी मोठी प्लेट असते, कित्येकांत तिच्यातच हत्यारं आणि पाणी ठेवायची जागा असते. हाताला गार्ड असतात. लेगगार्ड नसतो. हीरोचा संघ २०१७ पासून डकारमध्ये उतरतोय, २०२४ मध्ये त्यांचा रॉस ब्रांच दुसरा आला आणि त्याच वर्षी केरळचा हरिथ नोआ एकूण क्रमवारीत अकरावा आला, ही माहितीही तिने दिली.

"त्यांना संध्याकाळी मेस्त्री असतो. ट्रकभर सामान असतं."

"सगळ्यांना नसतो. मेस्त्रीविना उतरणाऱ्यांचा वेगळा गट असतो तिथे. प्रत्येकाची एक पेटी असते, दिवसभर गाडी चालवून रात्री स्वतःची दुरुस्ती स्वतः करतात. तेही लेगगार्ड लावत नाहीत."

"पण ती गाडी हलकी, आन् चालवणारा तयार गडी. तू चालवतीस तशी चालवत न्हाई कोण तिथं." हे त्यांनी प्रेमानेच म्हटलं आणि भाचीनेही तसंच घेतलं. रॅलीतल्या गाडीचं सगळंच आपल्या गाडीला लागू होत नाही. ते फार वेगात पडतात. आपण दमून, हळू, सामानासकट पडतो. मामांच्या बाजूने हा मुद्दा मला खरा वाटतो.

सामानाचा विषय लवकर मिटला. मामांना ॲल्युमिनियमच्या कडक पेट्या बनवायची हौस होती. भाचीने एकच प्रसंग डोळ्यांसमोर उभा केला: खडबडीत उतारावर माणूस पाय टेकतो, गाडी पुढे सरकते, आणि मागून येणारी पेटीची कड पोटरीवर चढून पाय खाली दाबते. अशाने नडगी मोडल्याच्या घटना या गाड्या चालवणाऱ्यांच्या जगात नव्या नाहीत. कापडी बॅग दबते, सरकते, पाय सोडते. मामांनी पेट्यांचा नाद सोडला. बॅग चाकात जाऊ नये म्हणून तिच्यामागे फक्त एक वाकवलेली बारीक दांडी द्यायचं ठरलं.

त्यावरून साडीगार्ड आठवला. कायद्याने दुचाकीला बसवावाच लागणारा हा गार्ड. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्याला धरायला पकड, पाय ठेवायला जागा आणि मागचं चाक किमान निम्मं झाकणारं आवरण लागतं. बॅग बसवताना पोरं तो सगळ्यात आधी काढून फेकतात. मामा त्याला हात लावू देत नाहीत. साडीचा किंवा ओढणीचा पदर चाकात गेला की काय होतं हे त्यांनी बघितलेलं आहे, आणि त्यावर त्यांना जास्त बोलायचं नसतं. साडीगार्ड राहिला, बॅगची दांडी त्याच्या बाहेरून गेली.

पायाबद्दल शेवटी भाचीने जे सांगितलं ते मला सगळ्यात पटलं. पाय वाचवायचे तर पायांनाच झाकावं. घोट्याच्या वर जाणारा कडक बूट, बिजागरीचा नी-गार्ड. अंगातल्या संरक्षक पॅडला युरोपचं ईएन १६२१ हे मानक आहे. हातापायांच्या पॅडमधून ठरलेला ठोसा मारला असता आत सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत बल पोहोचलं तर लेव्हल १, २० पर्यंतच पोहोचलं तर लेव्हल २. म्हणजे दोन पॅडमध्ये किती फरक आहे हे आकड्यात कळतं. लेगगार्डला असं कुठलं मानक दुकानदार सांगत नाही. गाडी उडून लांब पडली की लेगगार्ड गाडीबरोबर जातो, बूट मात्र पायातच राहतात. "म्हणून आधी बूट, मग प्लेट, मग बाकी," ती म्हणाली, आणि पैशांची वाटणीही त्याच क्रमाने केली.

मामांनी त्याला हरकत घेतली नाही. पण मोठा गार्ड गेला म्हणून ते कामावाचून बसणारे नव्हते. त्यांनी वीट ठेवलेल्या जागेची मापं घेतली आणि नवा आराखडा काढला: १९ मिलिमीटर पाइपचा लहान गार्ड, टाकीपर्यंत न जाता इंजिनच्या कव्हरापुरता, कव्हराच्या बाहेर फक्त दोन बोटं निघणारा, खालून आडव्या दांडीने डावीकडून उजवीकडे जोडलेला. दोन्ही बाजूंचा मिळून दोन किलोंच्या आत. क्लच कव्हरवर पेडलच्या मागे एक जाड पट्टी. पेडलचं टोक फांदीत अडकून बाहेर ओढलं जाऊ नये म्हणून स्कूटरच्या जुन्या ब्रेक वायरने चेसीला बांधलेलं.

बोल्टवर गाडी पुन्हा अडली. मामांनी १२.९ ग्रेडचे काळे ॲलन बोल्ट काढून ठेवले होते, त्यांच्याकडचे सगळ्यात कडक.

"८.८ घाला," भाची म्हणाली.

"कच्चे घालू? माझ्या हातनं?"

"कच्चे नाहीत. पण मोठा मार बसला तर आधी बोल्ट वाकावा किंवा तुटावा. चेसीचा कान फाटू नये. भिंतीवरच्या त्या गार्डचं काय झालं होतं? बोल्ट जिंकला आणि चेसी हरली. बोल्ट मी खिशात चार नेऊ शकते, चेसी नेऊ शकत नाही."

मामांनी तो फाटका कान पुन्हा हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग १२.९ चे बोल्ट डब्यात परत टाकले.

"बरं. ८.८ टाकतो. पण खालच्या कानाला मी आतनं पट्टी देणार, त्यात तू बोलायचं न्हाई."

"पट्टी द्या, पण वेल्डिंग नको. चेसीला आच लागू द्यायची नाही."

"वेल्डिंग करतंय कोण? दोन बाजूंनी क्लॅम्प करतो, मधी रबर. आन् बोल्टला लॉक्टाइट लावतो, सिंगल सिलिंडर हाय, थरथरून सैल होत्यात. पहिले शंभर किलोमीटर झालं की हितं येऊन पाना लावायचा. मनालीत न्हवं, हितं."

"गगनबावड्याला जाऊन येते, झाले शंभर."

"पावसात?"

"पावसातच. पडून बघायचंय ना."

मामांनी पोराला १९ चा पाइप कापायला सांगितला आणि खडूने पाटीवरचं जुलांचं गणित पुसून त्या जागी दोन्ही बाजूंची मापं लिहून घेतली.